लोझानचं ऊन आणि न बदललेला गोली : एक प्रकरण अभ्यास

ही केस का घेतली

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. विदर्भातलं एक गाव, नाव नको. आयोजकांचं पण नको. मी शाळेच्या टीमबरोबर गेलो होतो. आमचा गोली आठवीतला. हाफटाइमला तो पाण्याची बाटली उघडत बसला होता आणि उघडतच बसला होता, झाकण उलटीकडे फिरवत. मी विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो सर, एकदम ओके." मी त्याला परत गोलमध्ये पाठवला. आम्ही २-१ ने जिंकलो, परत येताना बसमध्ये त्याने दोनदा उलटी केली, रात्रीपर्यंत ठीक झाला. दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटली, ओरडली वगैरे नाही, फक्त म्हणाली, "सर, तो तुम्हाला नाही म्हणणारच नाही. तुम्ही त्याला विचारलंतच कशाला?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मला लोझानची मॅच आठवली, १९५४ च्या वर्ल्ड कपचा क्वार्टर फायनल, स्वित्झर्लंड विरुद्ध ऑस्ट्रिया. फुटबॉल बघणाऱ्यांना ती बारा गोलांची मॅच म्हणून माहीत असते, वर्ल्ड कपच्या एका मॅचमध्ये सगळ्यात जास्त गोल, रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. पण ती नीट वाचली की लक्षात येतं की गोल हा त्यातला वरवरचा भाग आहे. खरी गोष्ट ही की दोन्ही टीमकडे मैदानावर एकेक माणूस असा होता ज्याने तिथे असायलाच नको होतं, आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी त्यांना तिथेच ठेवलं. म्हणून ही केस लिहून काढतोय, आमच्याकडे पोरांना खेळवणाऱ्यांसाठी आणि थोडी माझ्यासाठी.

पार्श्वभूमी

१९५४ चा वर्ल्ड कप स्वित्झर्लंडमध्ये झाला. फिफाला त्या वर्षी ५० वर्षं होत होती, ऑफिस झुरिकला, आणि युद्धात न सापडलेला देश, त्यामुळे स्टेडियम वगैरे शाबूत. टीव्हीवर दिसलेला हा पहिला वर्ल्ड कप.

क्वार्टर फायनलला यजमानांच्या समोर आला शेजारी, ऑस्ट्रिया. शेजारी म्हणजे अगदी खेटून, ऱ्हाईन ओलांडली की पलीकडे ऑस्ट्रियाचा फोरार्लबर्ग प्रांत, आणि या प्रांतातल्या लोकांनी तर १९१९ साली आम्हाला स्वित्झर्लंडमध्ये जायचंय, बोलणी करा, म्हणून भरघोस मतदान केलं होतं (त्यातून झालं काहीच नाही). १९५४ मध्ये ऑस्ट्रिया अजून चार देशांच्या फौजांच्या ताब्यात होता, रशियन, अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच. देश मोकळा करायच्या करारावर सह्या झाल्या त्या पुढच्या वर्षी, १९५५ च्या मे महिन्यात. म्हणजे एकीकडे खाऊनपिऊन सुखी यजमान आणि दुसरीकडे राजधानीत चार झेंडे फडकणारा देश.

दोन्ही कोचची गंमत बघा. स्वित्झर्लंडचा कोच कार्ल रापान हा मूळचा व्हिएन्नाचा. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडला गेला आणि तिथलाच झाला, आणि डिफेन्सची ती प्रसिद्ध 'कडी' त्याने बसवली, दाराला आतून कडी घालतात तसं मागे एक जास्तीचा माणूस ठेवायचा आणि समोरच्याला आत येऊच द्यायचं नाही. १९३८ च्या वर्ल्ड कपला याच रापानच्या टीमने पॅरिसमध्ये जर्मनीला ०-२ ने मागे असताना ४-२ ने हरवलं होतं, आणि त्या जर्मन टीममध्ये ऑस्ट्रियाचे खेळाडू होते कारण हिटलरने नुकताच ऑस्ट्रिया गिळला होता. ऑस्ट्रियाचा कोच वॉल्टर नाउश, हा स्वतः १९३० च्या दशकातल्या त्या नावाजलेल्या ऑस्ट्रियन टीमचा खेळाडू, पुढे कॅप्टन. बायको ज्यू, म्हणून १९३८ साली देश सोडला आणि गेला कुठे तर स्वित्झर्लंडला. म्हणजे समोरच्या बेंचवरचा माणूस आपल्या गावचा आणि हा समोरच्यांच्या गावात राहून आलेला. एकमेकांची खेळायची पद्धत दोघांना तोंडपाठ असणार.

आता तब्येतीचा हिशोब, कारण पुढे तो लागणार आहे. ऑस्ट्रियाने १६ जूनला स्कॉटलंडला १-० आणि १९ जूनला चेकोस्लोव्हाकियाला ५-० हरवलं आणि मग आठवडाभर आराम. स्वित्झर्लंडने १७ ला इटलीला २-१ हरवलं, २० ला इंग्लंडकडून ०-२ हरले, मग गटात इटलीचे आणि यांचे गुण सारखे झाले म्हणून २३ ला इटलीशीच परत एक जास्तीची मॅच, ती ४-१ ने जिंकली. आणि २६ ला ही. दहा दिवसांत चौथी मॅच.

एक नियम सांगून ठेवतो, त्याच्याशिवाय केस कळणार नाही. तेव्हा वर्ल्ड कपमध्ये सबस्टिट्यूट नव्हता. अकरा उतरले ते अकरा, पाय मोडला तर दहा. गोलकीपरला पण सूट नाही. गंमत म्हणजे याच वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत जखमी माणसाच्या जागी दुसरा घेता येत होता, ऑक्टोबर १९५३ मध्ये पश्चिम जर्मनी विरुद्ध सारलँड (हे पण शेजारी) मॅचमध्ये जर्मनीने तसा बदल केला पण होता. मुख्य स्पर्धेत मात्र नाही. वर्ल्ड कपमध्ये सब आले ते थेट १९७० ला, मेक्सिकोत.

अडचण

२६ जून १९५४, लोझान, ला पोंतेझचं स्टेडियम. ऊन इतकं की पारा ४० च्या आसपास होता असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. आपल्याकडच्या लोकांना ४० म्हणजे एप्रिलचा सुरुवातीचा आठवडा वाटेल, पण ही माणसं आल्प्सच्या कुशीतली, त्यांच्या शरीराला ही सवयच नाही आणि सवय नसलेल्या माणसाला ३५ पण पुरे होतं. जर्मन भाषेत या मॅचचं नावच 'लोझानची उन्हाची लढाई' पडलं.

१६ व्या मिनिटाला स्वित्झर्लंडच्या बालामानने गोल केला. १७ व्या मिनिटाला ह्युगीने. १९ व्या मिनिटाला परत ह्युगीने. ३-० आणि मॅचला अजून वीस मिनिटं पण झाली नव्हती, घरचं पब्लिक वेडं झालं असणार.

ऑस्ट्रियाच्या गोलमध्ये होता कुर्ट श्मीड, फर्स्ट व्हिएन्ना क्लबचा. त्याला ऊन लागलं होतं. नेमकं कितव्या मिनिटाला ते कुणी घड्याळ लावून सांगू शकत नाही, पण सुरुवातीच्या या पडझडीतच त्याचं गणित बिघडलेलं होतं असं सांगतात. ऊन लागलं म्हणजे नुसता घाम आणि थकवा नाही हां. माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात, पण बॉल कुठून येतोय, आपण गोलच्या कुठल्या बाजूला आहोत, हेच कळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फॉर्म गेला.

आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे हे लोक फार सांगत नाहीत, स्विस कॅप्टन रोजे बोके आजारी होता. साधा आजारी नाही, त्याला गाठ होती, डॉक्टरांनी खेळू नको सांगितलं होतं, तरी उतरला. तो कुठे खेळत होता तर डिफेन्सच्या मधोमध. रापानच्या कडीचा खिळाच तो. उन्हात त्याची पण अवस्था वाईट झाली, मैदानावर भांबावल्यासारखा फिरत होता.

मग २५ व्या मिनिटाला ऑस्ट्रियाचा वागनर, २६ व्या मिनिटाला आल्फ्रेड क्योर्नर, २७ व्या मिनिटाला परत वागनर. तीन मिनिटांत तीन गोल, ३-३. ३२ ला ओत्सविर्क, ३४ ला परत क्योर्नर. ३-५! ३९ ला बालामानने एक परत केला. हाफटाइमच्या आधी ऑस्ट्रियाने एक पेनल्टी पण घालवली, ती गोलमध्ये गेली असती तर काय झालं असतं देव जाणे. हाफटाइमला स्वित्झर्लंड ४, ऑस्ट्रिया ५. पंचेचाळीस मिनिटांत नऊ गोल. ही काही शाळेतली मॅच नव्हती, हा वर्ल्ड कपचा क्वार्टर फायनल होता आणि त्यात कडी घालण्यात जगात उस्ताद मानलेल्या कोचची टीम होती.

तर हाफटाइमला नाउशसमोरची अडचण अशी. एका गोलची आघाडी आहे. पंचेचाळीस मिनिटं बाकी आहेत. गोली भानावर नाही. बदलता येत नाही.

पर्याय काय होते

इथे मी जरा थांबतो कारण केसचा जीव इथेच आहे. नाउशच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं हे मी सांगू शकत नाही, पण त्याच्या जागी बसलेल्या कुणाहीकडे काय काय रस्ते होते ते मांडता येतं.

पहिला रस्ता, श्मीडला बाहेर काढायचं, एका फिल्डरला हातमोजे द्यायचे आणि दहा जणांनी खेळायचं. हा काही हवेतला पर्याय नाही, त्या काळात हे सर्रास व्हायचं. १९५७ च्या इंग्लंडच्या एफए कप फायनलला मँचेस्टर युनायटेडचा गोली रे वूड सहाव्याच मिनिटाला गालाचं हाड मोडून घेऊन पडला, मग जॅकी ब्लँचफ्लॉवर हा हाफबॅक गोलमध्ये उभा राहिला. युनायटेड २-१ ने हरली, पण फाटली नाही. ऑस्ट्रियाकडे गेरहार्ड हानापीसारखा माणूस होता जो मागे पुढे कुठेही खेळवला तरी चालायचा (हाच हानापी आर्किटेक्ट पण होता, रापिड व्हिएन्नाचं स्टेडियम पुढे त्यानेच डिझाइन केलं). पण ४० डिग्रीत दहा जणांनी पळायचं म्हणजे उरलेल्यांचं पण आवरलंच समजा, आणि समोर यजमान, एका गोलने मागे.

दुसरा, श्मीडला गोलमधून काढायचं पण मैदानातच ठेवायचं, एखाद्या कोपऱ्यात, विंगवर, नावाला अकरा. वूडच्या बाबतीत पुढे तेच केलं होतं. जखमी हाताच्या माणसाला हे चालतं. ऊन लागलेल्या माणसाला नाही, त्याला सावली पाहिजे, विंग नाही.

तिसरा, त्याला तिथेच ठेवायचं आणि बाहेरून सांभाळायचं. पाणी मारायचं, ओरडून सांगायचं, निभावून न्यायचं.

चौथा पर्याय वेगळ्या जातीचा आहे. गोलीकडे बॉल जाऊच द्यायचा नाही. याचे पण दोन प्रकार, एक म्हणजे सगळे मागे येऊन भिंत बांधायची आणि दुसरा म्हणजे बॉल आपल्याच पायात ठेवायचा, खेळ पलीकडच्या अर्ध्यातच अडकवून ठेवायचा. पहिला प्रकार रापानचा, दुसरा व्हिएन्नाचा.

आणि पाचवा म्हणजे रेफरीकडे जायचं. रेफरी स्कॉटलंडचा, आडनाव फॉल्टलेस, म्हणजे निर्दोष! (मी बनवत नाहीये, खरंच तेच आडनाव.) पण मॅच उन्हामुळे थांबवा असं म्हणण्याची तेव्हा पद्धतच नव्हती, पाणी प्यायचा ब्रेक वगैरे गोष्टी अजून साठ वर्षं लांब होत्या.

रापानसमोर पण असाच तक्ता होता हे विसरू नका. त्याचा निर्णय तर मॅचच्या आधीचाच, बोकेला खेळवायचं की नाही. आणि त्याला तर सब लागतच नव्हता, दुसरा माणूस सरळ टीममध्ये घेता आला असता. माझ्या मते दोघांत जास्त चुकला तो रापान. नाउशला संकटाने पकडलं, रापानला ते आधीच दिसत होतं. कॅप्टन म्हणतोय मी खेळणार, यजमान देशाचा क्वार्टर फायनल आहे, तीन दिवसांपूर्वी इटलीला धुतलंय, अशा वेळी नाही म्हणायला फार वाईटपणा घ्यावा लागतो, हे मान्य. पण कोचला पगार त्यासाठीच असतो ना.

प्रत्यक्षात काय केलं

ऑस्ट्रियाने तिसरा आणि चौथा मिळून केला.

टीमचा मालिशवाला, योसेफ उलरिख, गोलच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथून तो श्मीडला सांगायचा, बॉल आला, डावीकडे सरक, पुढे ये. हे चित्र जरा डोळ्यासमोर आणा. वर्ल्ड कप चालू आहे, हजारो माणसं ओरडतायत, तीही यजमानांची, म्हणजे विरुद्ध बाजूची, आणि जाळीच्या मागे एक मालिशवाला आपल्या गोलीला आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा दिशा सांगतोय. डॉक्टर नाही, कोच नाही, मालिशवाला. संध्याकाळी खेळाडूंचे पाय चोळणं हे ज्याचं काम, त्याच्यावर मॅचमधला सगळ्यात अवघड पहारा आला. मला या पूर्ण केसमध्ये हाच माणूस सगळ्यात आवडतो आणि त्याच्याबद्दल वाचताना पोटात गोळा पण येतो, कारण जो माणूस इतक्या जवळ उभा आहे त्यालाच दिसत असणार ना की या पोराला आत्ता उचलून सावलीत न्यायला पाहिजे.

आणि पुढे खेळ चालू राहिला ओत्सविर्कच्या पायावर. एर्न्स्ट ओत्सविर्क, कॅप्टन, सेंटर हाफ, पण जुन्या पद्धतीचा, मागे उभा राहून बॉल फटकावणारा नव्हे तर मधून सगळा खेळ चालवणारा. पाठीमागे एर्न्स्ट हाप्पेल, जो पुढे कोच म्हणून फायेनूर्द आणि हॅम्बुर्ग या दोन वेगवेगळ्या क्लबना युरोपियन कप जिंकून देणार होता. ५३ व्या मिनिटाला वागनरने त्याचा तिसरा केला, ६-४. तासाभराच्या आसपास ह्युगीने स्वित्झर्लंडचा पाचवा केला, त्याचा पण तिसरा, ६-५. मग ७६ व्या मिनिटाला प्रोब्स्टने ऑस्ट्रियाचा सातवा मारला.

आता आकडे जरा वेगळ्या पद्धतीने बघा, मी हे लिहायला बसलो तेव्हाच मला दिसलं. पहिल्या १९ मिनिटांत स्वित्झर्लंडचे तीन गोल. उरलेल्या ७१ मिनिटांत फक्त दोन. समोर भानावर नसलेला गोली असून! एकतर स्विस लोकांना नीट कळलंच नाही की समोरचा गोली गेलाय, नाहीतर कळलं पण तिथपर्यंत पोचायला बॉलच मिळाला नाही आणि पायात जीव नव्हता. मला दुसरं जास्त पटतं, दहा दिवसांत चौथी मॅच आणि डिफेन्सच्या मधला माणूस स्वतःच भोवंडलेला. म्हणजे श्मीडला वाचवलं ते उलरिखने अर्धं आणि पुढच्या लोकांनी अर्धं. गोलीला झाकायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बॉल दुसऱ्याच्या अंगणात ठेवणं, हा धडा मी पोरांना आता शिकवतो. पण हा झाला खेळाचा धडा. माणसाचा वेगळा आहे.

निकाल

ऑस्ट्रिया ७, स्वित्झर्लंड ५. यजमान बाहेर. वागनर आणि ह्युगी, दोन्ही बाजूंनी एकेक हॅटट्रिक. ह्युगी अख्ख्या स्पर्धेत सहा गोल करून थांबला, ऑस्ट्रियाच्या प्रोब्स्टचे पण शेवटी सहाच झाले.

बोके मॅचनंतर ऑपरेशनला गेला. त्यातून वाचला, आणि बरीच वर्षं जगला, १९९४ साली गेला.

चार दिवसांनी, ३० जूनला, बाझलमध्ये सेमीफायनल, समोर अजून एक शेजारी, पश्चिम जर्मनी. या वेळी ऑस्ट्रियाने गोली बदलला, श्मीडच्या जागी वॉल्टर झेमान, जो नावाने श्मीडपेक्षा मोठा होता. हाफटाइमला फक्त ०-१ होतं. शेवटी १-६. धडाधड गोल खाल्ले, जर्मनीच्या वॉल्टर बंधूंनीच दोन-दोन घातले. म्हणजे ज्यांना वाटत होतं की लोझानच्या पाच गोलांचं कारण श्मीड, त्यांना ताजा, भानावर असलेला, नावाजलेला गोली उभा करून सहा गोल मिळाले. लोझानच्या उन्हात बाकीच्या दहा जणांच्या अंगातलं पण किती आटलं होतं याचा हिशोब त्या १-६ मध्ये आहे असं मला वाटतं, पण सिद्ध करता येणार नाही.

एक गोष्ट राहिली. त्या शनिवार-रविवारची आठवण लोकांना राहिली ती दुसऱ्याच कारणाने, दुसऱ्या दिवशी बर्नमध्ये हंगेरी आणि ब्राझीलची मारामारी झाली, मॅच ४-२ पण भांडण ड्रेसिंग रूमपर्यंत गेलं. पेपरवाल्यांना ते जास्त चविष्ट. उन्हात माणूस मरता मरता वाचला ही बातमी होत नाही, तो वाचला ना.

वेगळं काय करता आलं असतं

इथे लोक मला म्हणतात, अहो सर, पण ते जिंकले ना! हो जिंकले. मी पण २-१ ने जिंकलो होतो. जिंकल्यामुळेच तर कुणी विचारत नाही. ०-३ वर असताना श्मीडला काढला असता आणि ऑस्ट्रिया हरली असती तर नाउशला व्हिएन्नात उभा केला असता आणि त्याला मूर्ख म्हटलं असतं, आणि तरी तो निर्णय बरोबरच असता. तिथेच ठेवला, जिंकले, आणि चुकीचा निर्णय रेकॉर्डच्या पुस्तकात जाऊन बसला.

आजचं वैद्यक याबाबतीत फार स्पष्ट आहे. उन्हात खेळणारा माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागला, उलटसुलट बोलायला लागला, तोल जायला लागला, की तो थकलाय की नाही हा प्रश्नच संपला, तो उष्माघात समजायचा आणि ताबडतोब थंड करायचा. गार पाण्यात बसवता आलं तर उत्तम, नाहीतर भिजवलेले टॉवेल, बर्फ, पंखा, जे असेल ते. हॉस्पिटलमध्ये न्यायचंच, पण आधी थंड करायला सुरुवात करायची, गाडीची वाट बघत बसायचं नाही. १९५४ मध्ये एवढं कुणाला माहीत होतं हा मुद्दा आहेच, आणि नाउशला आजच्या पुस्तकातून मार्क देणं बरोबर नाही. पण डोळ्यांनी दिसत होतं. मालिशवाल्याला गोलमागे उभं करावं लागतंय इथपर्यंत गोष्ट आली होती. मदतीला माणूस लागतोय म्हणजेच तो माणूस खेळायच्या लायक राहिलेला नाही, एवढं कळायला १९५४ पुरेसं होतं.

मला विचाराल तर निर्णयाच्या तीन जागा होत्या. मॅचच्या आधी बोके, हे सगळ्यात सोपं आणि तिथेच सगळ्यात मोठी चूक. मग ०-३ झाल्यावरची ती पाच-सहा मिनिटं, तेव्हा श्मीडला काढला असता तर हरण्याची तयारी ठेवून काढावा लागला असता, आणि त्या क्षणी तसंही हरतच होते, म्हणजे गमावण्यासारखं कमी होतं. आणि हाफटाइम, ५-४ ने पुढे असताना, जेव्हा काढणं सगळ्यात जड. म्हणजे जसजसा वेळ गेला तसतसा बरोबर निर्णय महाग होत गेला. आमच्याकडे पण असंच होतं, पोराला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर घेणं सोपं, मॅच अटीतटीची झाली की हात उचलत नाही.

नियमाचा दोष पण आहेच. सब असता तर हा सगळा तमाशा झाला नसता, झेमान नाहीतर कुणी उतरला असता आणि श्मीड बर्फात बसला असता. पात्रता फेरीत जखमींना बदलायला परवानगी देणारी फिफा मुख्य स्पर्धेत देत नाही, याचं पटण्यासारखं कारण मला तरी कुठे मिळालं नाही. २०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपला नियम आला की उष्णता-दमटपणाचा आकडा ३२ च्या वर गेला की तिसाव्या मिनिटाच्या आसपास थांबून पाणी द्यायचं. हे चांगलंच झालं. पण आमच्या तालुक्याच्या मॅचला सब पण असतात, पाणी पण असतं, आणि तरी मी त्या पोराला परत पाठवलाच की. नियम असून उपयोग तेव्हा, जेव्हा कुणीतरी तो वापरायचं ठरवतं.

मी आता दोन गोष्टी बदलल्यात. एक, "बरा आहेस ना" हा प्रश्न बंद. त्याऐवजी त्याला काहीतरी करायला लावतो, बुटाची नाडी सोडून परत बांध, स्कोअर सांग, आपण कुठल्या बाजूला गोल मारतोय ते हाताने दाखव. अडखळला की बाहेर, चर्चा नाही, आणि तो निर्णय माझा, त्याचा नाही, म्हणजे बाहेर बसल्याची लाज पण त्याला नको. दोन, दुपारी बारा ते चार मॅच असेल तर आम्ही येत नाही असं लेखी कळवतो. यावर्षी त्यामुळे एका स्पर्धेतून आमचं नाव कमी झालं. पोरं आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हती.

त्यानंतर श्मीड

ऑस्ट्रियाला तिसऱ्या जागेसाठी उरुग्वेशी खेळायचं होतं. उरुग्वे म्हणजे तेव्हाचे चालू चॅम्पियन, सेमीफायनलला हंगेरीकडून एक्स्ट्रा टाइममध्ये हरून आलेले. ३ जुलैला झुरिकमध्ये ऑस्ट्रियाने त्यांना ३-१ ने हरवलं, आणि तिसरी जागा ही आजपर्यंतची वर्ल्ड कपमधली त्यांची सगळ्यात वरची जागा आहे. लोझानला एकच आठवडा झाला होता. गोलमध्ये कुर्ट श्मीड होता.